साडेचार फूट ऊन

एकतीस वर्षं हे खांबावर होते.
निवृत्तीच्या पैशातून घर बांधलं
ते नेमकं शेवटच्या खांबाच्याही पल्याड,
नाल्याच्या अंगाला, तीन एकरांच्या तुकड्यात,
जिथं तार पोचत नाही
अन् पोचावी म्हणून यांनी साधा अर्जही केला नाही.

वरोऱ्याच्या बाजारापर्यंत हसले लोक.
"वायरमनच्या घरात वायर नाही बाप्पा!"
कवडू गवंडी तर थापी खाली ठेवून बसला.
"दक्षिणेले एवढ्या खिडक्या?
यमाची दिशा हाय ते, काकाजी."
हे म्हणाले, "यम पाहिला मी.
दक्षिणेकून नाही येत तो.
बंद केली म्हणून सांगितलेल्या
तारेतून येते."

त्याआधी वर्षभर अंगणात एक बांबू.
हे रोज दुपारी त्याची सावली मोजायचे,
माझ्या शिवणाच्या टेपनं,
अन् वहीत लिहायचे, जसे मीटरचे आकडे.
मला वाटलं, घरी बसून डोकं फिरलं.
वैशाखात एक दिवस बांबूनं
आपली सावली अख्खी गिळली
तेव्हा पोरासारखे ओरडले, "ये, ये, पाह्य!"
मी कणकेच्या हातानं धावत गेले.
पाहायला काहीच नव्हतं.
तेच तर पाहायचं होतं.

काळी माती भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत.
भिंती दीड हात जाड,
कुटार कालवून आठ दिवस कुजवलेली माती,
ती तुडवून माझ्या टाचा अजून दुखतात.
पश्चिमेला एक झरोका नाही.
वर कवेलू, छपराची पुढं आलेली पडवी,
अन् कडुनिंबाखालून जमिनीत पुरलेला साठ फुटी पाइप,
त्यातून विहिरीच्या तोंडासारखा वारा येतो.
छपरावर दोन पाट्या, कोनाड्यात चार बॅटऱ्या.
बाहेर सत्तेचाळीस असताना
आत मी तूर निवडत बसते
अन् पाल सुद्धा भिंतीला गाल लावून झोपते.

पण घर तुटलं तारेपासून,
माणूस कुठं तुटला?
मागच्या उन्हाळ्यात गारा आल्या, सात खांब आडवे.
तीन रात्री गाव काळं.
आमच्या कोनाड्यात बावीस मोबाइल चार्जिंगला,
अन् ठेंगण्याच्या नातवाचं वाफेचं मशीन.
तिसऱ्या रात्री यांनी ताट सरकवलं.
"आपल्याच घरात उजेड. घास उतरत नाही."
ट्रंकेतून पट्टा काढला, पक्कड काढली,
नन्नावरेचं नवं पोरगं एकटं पडलं म्हणे लाइनीवर.
मी म्हटलं, चढायचं नाही.
"खालून बॅटरी दाखवतो नुसती."

मी दारात बसून राहिले.
पहाटेच्या आधी कधीतरी
पहिले पाण्याच्या टाकीजवळचा दिवा, मग शाळा,
मग घरं, एकामागून एक नाही,
झटक्यात सगळी.
त्यानंतर कितीतरी वेळानं धुऱ्यावरून
यांची बॅटरी हलत आली.
चढले नव्हते, म्हणाले.
पट्ट्याला ग्रीस होतं.
मी विचारलं नाही.

आता पौष लागायचा आहे.
ऊन खिडकीतून जमिनीवर उतरतं अन् आत आत येतं.
दर महिन्याला मी गेरूची रेघ मारते.
वैशाखात ते उंबऱ्याशीच थांबलं होतं, पाहुण्यासारखं.
आज साडेचार फूट. याच्या पुढं ते येणार नाही,
वहीत तसंच लिहिलं आहे.
हे खाटेवर बसून डावा हात उन्हात धरतात,
ती दोन बोटं, ज्यांना एकोणीस वर्षांपासून
चहाचा कप कळत नाही.

"काही समजते का?"
"ऊन हाय, एवढं दिसते."

मी खाट वीतभर पुढं सरकवते.