प्रमाण वजने

उंडीवऱ्याला मी वर्षातून दोनदा जायचो.
पिशवीत हातोडी, त्या सालचा ठसा
आणि मखमलीत बसवलेली सरकारी वजने,
सोवळ्यातली, उघड्या बोटांनी शिवायची नाहीत.

या गावाचा इतिहास मला कुणी सांगितला नाही.
तो पारड्याखाली चिकटवलेला असायचा.
दत्ताराम शेट्यांकडे चिंचेचा गोळा निघाला,
पासष्ट ग्रॅमचा.
‘पासंग हो साहेब, खाऱ्या हवेचा,’ म्हणाले,
आणि आतून सोलकढी मागवली.
मी आधी दंड लिहिला, मग कढी प्यालो.

खोतांच्या माळ्यावर दोन पायल्या होत्या,
एक घ्यायची, एक द्यायची.
बाहेरून जुळ्या बहिणी.
घेणारीचा तळ तेवढा बोटभर खोल.
त्या बोटभर खोलीत
किती भात गेला, किती पिढ्यांचा,
याची वही नाही.
खोती गेल्यावर एकीखाली पिल्लं झाकायचे.
दुसरी मी जप्त केली.
पावती दिली. कचेरीत ती कुठे गेली, माहीत नाही.

बंदरावरचा काटा मात्र माझ्या आधीचा,
सागाच्या तुळईला टांगलेला, मणाच्या हिशेबाचा.
तिथून सुपारी गेली, किंदळाचे वासे गेले,
उंडीचं कडू तेल बुधल्यांतून गेलं,
आली ती मंगळुरी कौलं आणि मीठ.
इस्माइल सारंग सांगायचे,
बापाच्या वेळी गलबत धक्क्याला घासायचं,
माझ्या वेळी आगबोट बाहेर उभी राहायची, पडाव जायचा,
आता पडावही ओहोटीला चिखलात बसतो.
किती गाळ साचला, मला विचारलं त्यांनी,
मी मापांचा माणूस म्हणून.
आमच्या खात्याकडे गाळाचं माप नव्हतं.

पोस्टात चिठ्ठ्या तोलायचा छोटा तराजू होता.
तो नेहमी बरोबर.
मनीऑर्डरीला वजन नसतं,
पण दर महिन्याच्या दहा तारखेला
शेट्यांच्या वहीतली अर्धी नावं खोडली जायची.
गिरण्या थांबल्या त्या साली
मी डिसेंबरात गेलो, तर वही फुगलेली,
आणि तराजू स्वच्छ. पासंग नाही, काही नाही.
तोलायलाच कोणी येत नव्हतं.
मग मोहल्ल्यात कुवेतचे ड्राफ्ट आले,
कातळावर सुरुंग लागले, कलमं लागली,
आंब्याचं वजन कुणी करेना, पेटीचा हिशेब.
पेटी वाशीला जायची, मागून पट्टी यायची:
हमाली, भाडं, अडत, आणि ‘नासका’ किती डझन,
तो नासका बघितलेला माणूस
उंडीवऱ्यात मला भेटला नाही.

निवृत्तीच्या आधीची शेवटची फेरी
काजूच्या कारखान्यात झाली.
ओळीने बायका, बोटं काळवंडलेली,
तेलाने साल गेलेली, राख लावलेली.
अख्ख्या गराला एक मजुरी, तुकड्याला निम्मी.
मी काटा तपासला. नवा, हिरव्या आकड्यांचा.
दहा किलो ठेवले, दहा दाखवले.
पाच ठेवले, पाच.
शिक्का मारायला वाकलो तर
यशोदा गोरिवले म्हणाली,
‘काटा बराबर हाय सायब, आमी रोज बगतो.
भाव बगा जरा.’

भाव माझ्या खात्यात येत नाही, असं म्हणालो.
खरंच येत नाही. कायदा बघा.
ती हसली नाही, रागावलीही नाही,
पुढचा गर उचलून सुरीखाली धरला.

तेवढ्यात वजनाची वेळ झाली
आणि कुणी न सांगता
एकीने उठून पंखा बंद केला.
वाऱ्याने म्हणे आकडा हलतो,
चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे.
सगळं शेड गप्प उकडत राहिलं,
आकडा थांबेपर्यंत.