ठिपका

पाटोणापाड्याच्या कुंपणाशी मी सरडे मोजते,
नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत.
मग पाठीवर ठिपका: मोरपंखी नेलपॉलिश,
गावदेवी मार्केटमधलं, तीस रुपयांचं.
कात टाकली की ठिपका जातो.
पूर्वी महिनाभर पुरायचा,
यंदा पंधरवड्यात पाठ कोरी.

जानू दुमाडा खांबाला टेकून बघतो.
"हा तं आत्ताच अंड्यातून आलेला ना?
होळी नाय लागली, आन् गळा लाल करून
गुडघ्याला बाशिंग!"
मी हसते. वहीत लिहिते, वाढ उत्तम.
कातळ आता रात्रीही निवत नाही,
ते शेजारच्या रकान्यात.

जुन्या पानांवर चौथ्या वर्षी
एखादा म्हातारा सापडायचाच,
खरखरीत, एक डोळा मिटलेला,
धरला तरी न चिडणारा.
आता दुसऱ्याच वर्षी शाई थांबते.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ठीक.
पण कुंपण इतकं अलीकडे?
जानू म्हणतो, तारा त्याच आहेत बाई,
खांबही मीच रोवलेले.

आजचा ब्याण्णव मिलिमीटर भरला.
ठिपका वाळेपर्यंत मुठीत धरून उभी राहते.
मुठीत त्याचं काळीज,
माझ्या घड्याळाच्या पुढे.