नववा क्रमांक

सोळा संघांत नववे.
मागल्या वर्षी नववे, त्याच्या मागल्या वर्षी आठवे.
त्या वर्षी चौकात कुणीतरी एक फटाका उडवला
आणि मग लाजून दुसरा उडवलाच नाही.

आम्ही हरतो, पण बुडत नाही.
जिंकतो, पण किती गोलांनी ते कुणी विचारत नाही.
दक्षिण पोर्तुगालच्या या उन्हात
आमच्या मैदानावरचं गवतसुद्धा
धड वाढत नाही, धड मरत नाही.

सभा होती कॅफेच्या माडीवर.
नवा अध्यक्ष वाल्देमार, फरशांच्या कारखान्याचा मालक, लिस्बनचा,
म्हणाला, पाटी कोरी करू.
तेवीसच्या तेवीस मोकळे.
नवी पोरं आणू, एकोणिसाची, विशीची.
तीन वर्षं हरू, खालच्या विभागात जाऊ, माती खाऊ,
चौथ्या वर्षी बघा.

मागून झुल्मीरा, जी जर्सी धुते, म्हणाली,
"चौथ्या वर्षी मी असेन का, ते आधी सांगा."
हशा झाला. ती हसली नाही.

मला बोलायचं होतं.
चाळीस उन्हाळे मी बुचाच्या ओकांची साल काढतोय,
कोऱ्या पाटीचा हिशेब मला पाठ आहे:
रोप लावा, पंचवीस वर्षं थांबा,
पहिली साल निघते ती नुसती खडबडीत,
मग नऊ वर्षं, दुसरी साल, तीही बाटलीला चालत नाही,
मग आणखी नऊ.
ज्यानं झाड लावलं
त्याच्या कानावर ते बूच उडाल्याचा आवाज सहसा पडत नाही.
आणि जुनं झाड सोलतानाही
कुऱ्हाड बोटभर आत गेली की झाड गेलं.

हे सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.
उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो,
"मैदानाच्या दिव्यांचं बिल अजून थकलंय."

मग उठला आदेरितो.
आमचा लेफ्ट बॅक, वय चौतीस, गुडघ्याला पट्टी,
पहाटे बेकरीची गाडी चालवतो.
यंदा त्याच्या बाजूनं अकरा गोल झाले. मोजलेत मी.
एकदाही तो दुसऱ्या कुणाकडे बघून ओरडला नाही.
मुलगी झोपली होती त्याच्या खांद्यावर.
म्हणाला, "मीही सभासद आहे. वर्गणी भरलीय."
आणि मुलीला उजवीकडे सावरून
डावा हात वर केला.
पाटी कोरी करायच्या बाजूनं.

झुल्मीरानं पिशवी उगाच उघडली, मिटली.
वाल्देमारनं शेजाऱ्याला विचारलं, हा कोण?
"तीन नंबर."

सेक्रेटरी क्विंतीनो हात मोजत मोजत आला,
माझ्यापाशी थांबला.
"तुझा वर आहे की खाली?"
बघितलं, तर माझा हात कानाशी होता,
ऑफसाइड मागावा की नको
अशा बेतात असलेल्या बचावपटूसारखा.
क्विंतीनोनं वहीत काहीतरी खरडलं.
ठराव दोन मतांनी पास झाला.
माझं मत त्यानं कुठल्या रकान्यात टाकलं
ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

सकाळी रानात गेलो.
ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या ओकाची साल काढली,
एकसंध निघाली, दाराएवढी.
आतलं खोड लालसर, ओलं,
खेळ संपल्यावरच्या मांडीसारखं.
खालच्या रस्त्यानं पावाची गाडी गेली,
रोज दोनदा हॉर्न वाजतो,
आज वाजला की नाही, आठवत नाही.

सोललेल्या झाडावर पांढऱ्या रंगानं
वर्षाचा शेवटचा आकडा टाकायचा असतो,
पुढची कुऱ्हाड कधी यायची ते कळावं म्हणून.
सहा टाकायचा होता.
हातानं तीन काढला.

तीन ठेवला तर कुणीतरी येईल वेळेआधी.
ओला होता तोवर बाहीनं पुसला,
वर सहा लिहिला.
लांबून सहाच दिसतो.
जवळ गेलं तर दोन्ही वाचता येतात.