पहिले पाच सेकंद

लेझर सोडण्याआधी वीस सेकंद
काही नसते, तेच मोजायचे.
नुसत्या वायूचा आकडा.
यंत्राचीही एक कुजबूज असते;
ती आधी ऐकून घेतली नाही
तर तिलाच दगड समजून बसतो आपण.

दोनापावलाच्या पठारावर पावणेदोन वाजलेत.
खिडकीला काळा कागद.
हवेतला दमटपणा शोषणारे यंत्र
पहाटेपर्यंत बादलीभर समुद्र गोळा करील.
आरगॉनचे नळकांडे वेर्ण्याहून आले, एक दिवस उशिरा.
सकाळपर्यंत पुरायला हवे.

रेझिनच्या चकतीत नऊ तुकडे.
सातवा सोयरू वेळिपाचा, रिवणचा.
प्रकल्पाच्या यादीत तो नाही.
तीन बसगाड्या बदलून आला होता,
पंचात बांधलेला दगड मांडीवर.
"भांगर नाका म्हाका," म्हणाला,
"हो फातर खंयचो, तितलें सांग."

कुळागराच्या मागचा डोंगर खाणीने नेला.
ट्रक, मग बार्ज, मग जहाज.
जाताना कंपनीने एक बांध घालून दिला,
त्या बांधातला हा.
आमच्याच डोंगराचा, की आणखी कुठून आणून टाकला?
कोर्टासाठी नव्हे. असेच.

तिसरा तुकडा मी जुन्या खोक्यातून काढला होता:
खाणीआधीच्या पाहणीतला, पिवळी चिठ्ठी,
शाई उडालेली, डोंगराचे नाव तेवढे वाचता येणारे.

किरण दिसत नाही. दिसते ती निळसर चुणचुण,
सेकंदाला दहा वेळा, केसाहून बारीक वर्तुळात.
दगडाची वाफ हेलियमच्या पाठीवर बसून
सूर्याच्या कातडीहून तापलेल्या ज्वाळेत शिरते,
आणि पलीकडे एकेक अणू
आपापल्या वजनाने ओळखला जातो.
लँथॅनम. सिरियम. दशलक्षात चार, दशलक्षात नऊ.
दर दहा ठिपक्यांनंतर पुन्हा प्रमाणाच्या काचेकडे,
कारण यंत्र सरकते. आपणही.

सातव्या तुकड्यात पहिल्याच सेकंदाला
जस्ताचा सुळका.
पाचव्या सेकंदाला खाली, सपाट.

हे दगडाचे नव्हे.
ही फिलोमेना.
मंगळवारी हिऱ्याच्या करवतीने अंगठा कापला,
वर पांढरे मलम, वर हातमोजा, तोही फाटका.
तेवीस वर्षे दगडांना आरसा करणारी बाई
उजळणीत कुठेच येत नाही,
आली ती अशी.
नियम सोपा आहे: पहिले पाच सेकंद गाळायचे.
मी गाळले. वहीच्या समासात मात्र
तारीख घातली आणि लिहिले: अंगठा.

साडेचारला दोन्ही रेषा एकीवर एक ठेवल्या.
तीच चढण, तीच घसरण,
युरोपियमपाशी तोच उंचवटा:
कधीकाळी समुद्राच्या तळाशी
गरम झऱ्यालगत बसलेल्या लोखंडाची खूण.
थोरियम दोन्हींत मर्यादेखाली.
मर्यादेखाली म्हणजे नाही, असे नव्हे;
म्हणजे माझा हात तिथवर पोचला नाही.

शेजारच्या डोंगराचा तुकडा माझ्याकडे नव्हता,
म्हणून 'आहे' लिहिले नाही.
'असू शकतो' लिहिले.

रविवारी रिवणला गेले.
मी म्हटले, हा समुद्राच्या तळाचा आहे.
तो म्हणाला, ते ठाऊक होते,
परशुरामाने बाण मारला तेव्हाचे.
मी युरोपियम आवरते घेतले.

चकती उन्हात धरून तो भोके शोधत राहिला.
"कितलो खाल्लो गो तुवें?"
सगळी मिळून मिठाच्या कणाएवढीही नाहीत, म्हटले.
"आनी तितल्यान कळ्ळें?"
जवळजवळ.

तो बराच वेळ मागे बघत होता,
जिथे आता आकाश फार खाली येते.
मग चकती पंचात गुंडाळली,
आणि विचारले, अंगठा बरा आहे का त्या बाईचा.
मी कधी सांगितले होते, आठवत नाही.