माया

लाम रोडला आमचं दुकान. दोन मशिनी, एक आरसा,
आणि काचेचं कपाट,
जे रेंजवर तोफ उडाली की थरथरतं.
आण्णा म्हणायचे, घाबरू नकोस, आपल्या पोटाची घंटा ती.

तोफखान्याच्या तीन पिढ्या आम्ही शिवल्या.
कचेश्वर ताजनपुरे, हवालदार. छाती अडतीस,
डावा खांदा अर्धा इंच खाली.
आण्णांच्या वहीत आहे. कारण नाही.
वहीत कारणं लिहीत नाहीत.

निवृत्तीनंतर चार वर्षं सोसायटीच्या गेटवर
गाड्यांचे नंबर लिहीत बसला.
आठ जणांकडून तोफ लावून घेणारा माणूस,
त्याला एक पोरगं म्हणालं, "ए, दांडा उचल."
हे त्यानंच सांगितलं होतं, आरशाकडे बघून.

परवा आला तो खांदा सरळ करून.
चाळीस जोड. रंग हिरवा, पण पलटणीचा नव्हे,
त्याच्या शेजारचा.
बाहीवर पंजा, खाली एकच शब्द: सिद्ध.
"कशाला सिद्ध, साहेब?"
"अंजनेरीच्या मागं शिबिर आहे. पोरांना शिस्त लावतोय."
"नावाची पट्टी?"
"नको."
"एकाचीही?"
"नको म्हटलं ना, सुलभाताई."

आमच्यात नाव आधी, बटणं नंतर.
नाव असलं की मेलेला आपल्या घरी पोचतो,
आणि कुणी मारलं तेही विचारता येतं.
हे मी बोलले नाही.
चाळीस जोड म्हणजे दिवाळीपर्यंतचं भाडं.

पोरं आली. टाचा जुळल्या
तसा ताजनपुरेचा चेहरा
परेडच्या सकाळसारखा धुतला गेला.
खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं बघून.

शेवटचा सार्थक गायधनी, पळसे. छाती अठ्ठावीस.
टेप काखेतून घेताना पुटपुटत होता:
कोपऱ्यावर सलीम सायकलवाला, वर तीन माणसं,
मग रझियाचं बांगड्यांचं, मागून दार,
मग दवाखाना, तो आपला.
"काय रे पाठ करतोस?"
"नकाशावाचन. सर घेतात. उद्या परीक्षा आहे."

पलटणीचे नकाशे मी पाहिलेत,
साहेब लोकांच्या खिशात घडी घातलेले.
त्यात टेकड्या असतात, ओढे असतात.
रझियाचं दार नसतं.
तिच्या पोरीचं झबलं अजून माझ्या खुंटीला आहे.

जाताना ताजनपुरे म्हणाला,
"मापात शिवा. आत माया ठेवू नका, ढगळ दिसतं."

रात्री शटर अर्धं ओढलं.
अठ्ठावीसच्या जोडाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं माया सोडली.
दिसणार नाही. उसवलं तरच कळेल
की हा अंगानं अजून वाढायचा होता.

मग वही काढली.
पट्टी नको म्हणाला होता तो,
वहीचं काही बोलला नव्हता.
चाळीस नावं, गावासकट.
त्यांच्यावर त्याचं, नव्या मापानं:
डावा खांदा सरळ.

पुढं जागा उरली.
पेन्सिल तिथंच धरून बसलेय.