ऐकू आलं तर बटण दाबा

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीला, पंख्यांच्या दुकानावर
आमचं कान तपासायचं केंद्र.
काचेच्या खोलीत भरमू सुतार बसलेत,
तोफखान्यातले निवृत्त नायब सुभेदार,
मुक्काम हलकर्णी, तालुका गडहिंग्लज.
टोपी मांडीवर, हातात बटण.
ऐकू आलं तर दाबा, मी खुणेनं सांगते.
ते मान हलवतात, हुकूम मिळाल्यासारखी.

बाहेर बाकावर मुलगा. भिंतीवर टीव्ही,
टीव्हीत कुठलंसं शहर धुरात.
कोणीतरी म्हणतं, एकदाच काय ते उडवून टाकावं,
रोजची कटकट नको.
मुलगा म्हणतो, तेच की.
ताकद हाय तर दाखवायची कधी?

अडीचशे हर्ट्‌झ. दाबलं.
पाचशे. दाबलं.
हजारला जरा थांबून दाबलं.
दोन हजार. चार हजार.
काचेपलीकडून ते नुसते बघत राहतात
आणि मला उगाच वाटतं,
मीच काही पाठवत नाहीये.

कागदावर आलेख उतरतो :
आधी पठार, मग कडा,
पन्हाळ्याच्या तटावरून दगड सुटावा तसा.
जड आवाज सगळे शाबूत.
गेलंय ते बारीक. स, श, फ,
बायकोच्या बांगड्या, नातीचं बोबडं.

"अकरा दिवस," ते आपणहून सांगतात,
बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात,
"एका टेकडीवर अकरा दिवस मारा केला, पोरी.
गोळे मोजायचं काम माझ्याकडं. वहीत.
बाराव्या दिवशी पायदळ वर गेलं,
एक गोळी झाडाय लागली न्हाई.
आपल्याच भागातली एकोणीस पोरं
चालत खाली आली.
त्यातला एक अजून लग्नपत्रिका धाडतोय,
आता नातवाची.
ह्याला वाईट कसं म्हणू? म्हणणार न्हाई."

मग टोपी फिरवत बसतात. बराच वेळ.

"दुसरीकडं गाव हुतं. नारळीची झाडं.
तोफा तसल्याच, वही तसलीच, गोळे दुप्पट.
गाव मिळालं. म्हणजे जागा मिळाली.
विहिरीवर पोहरा तेवढा हालत हुता.
महिन्याभरात, जिकलेल्या वाटंवरच
आमची गाडी उडाली.
सुरुंग पेरणारा पोरगा घावला,
मिसरूड फुटलं नव्हतं.
कुठला रं तू, विचारलं. त्यानं गाव सांगितलं.
मी वही उघडून बघितली.
गावाचं नाव कुठं नव्हतंच.
नुसतं आकडे हुतं."

मी यंत्रात सेल घालते.
दुसरं काय करणार.

मुलगा आत येतो. ताई, फुल्ल पावरचं द्या,
पैशाकडं बघू नका.
मी सांगते, नुसतं मोठं करून कळत नाही हो.
ह्यांच्या कानाला हळू ते पोचत नाही
आणि मोठं ते सोसत नाही.
मधे बोटभर जागा उरलीय,
जे काय बसवायचं ते तिथंच.
त्याला पटत नाही. वाकून कानाशी ओरडतो :
कळ-तंय का?
भरमू दचकतात.
"वरडलास, तेवढं कळलं."

मी आवाज उतरवते. आणखी उतरवते.
ओठांपुढे कागद धरून म्हणते, सीताफळ.
"शीतल," ते म्हणतात.
पुन्हा एक काटा खाली. सीताफळ.
"सीताफळ," म्हणतात आणि हसतात,
दारातलं झाड दिसल्यागत.

खाली मंडळाची पोरं डॉल्बी लावून बघतायत.
समोरच्या मंडळापेक्षा दोन खोकी जास्त.
खिडकी थरथरते, टेबलावरची टाचणी सरकते.
भरमू दोन्ही यंत्रं काढतात,
रुमालात गुंडाळून खिशात टाकतात
आणि मुलाचा खांदा धरून जिना उतरतात.

बंद करायचं राहिलं, माझ्या लक्षात येतं.
खिडकीतून हाक मारते, ती डॉल्बीत जाते.
गाणं बदलताना क्षणभर थांबतं
तेव्हा ऐकू येते खिशातली शिट्टी,
बारीक, चार हजारच्या आसपासची.
मुलगा थबकतो, आजूबाजूला बघतो.
भरमू चालत राहतात.