तोंडीलावणं

डिस्चार्जच्या कागदाची मागची बाजू कोरी होती,
तिच्यावर बेत लिहायला घेतला.
तीस वर्षं मिरज डेपोत तिकिटं फाडली,
माणसं मोजायची सवय आहे,
पण माणशी किती भाकरी
हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

मालन कॉटवरनं म्हणाली,
आधी पंगत लिहा. पदार्थ मागनं.

दस्तगीर मुल्ला.
रात्री दोनला मार्केटजवळचे सगळे खड्डे
त्याच्या रिक्षानं स्वतःच्या अंगावर घेतले.
सिस्टर एस्तेर. शीर सापडेना तेव्हा
सुई बाजूला ठेवून मालनला
तिच्या माहेरची विहीर किती खोल ते विचारत बसली.
बिराप्पा वॉचमन. पास नसताना सोडायचा,
आणि सोडताना दुसरीकडं बघायचा.
धन्नप्पा मगदूम, शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीचा मुलगा.
म्हातारी मंगळवारी गेली.
शुक्रवारी ते आमच्यासाठी थर्मास घेऊन आले.

आता बसवा यांना एका पंगतीत.
बिराप्पाला मटण नसलं तर ते जेवण नव्हे, चहापाणी.
मगदूम कांदा-लसूण शिवत नाहीत, जमिनीखालचा कंद नाही,
आणि दिवस मावळायच्या आत हात धुतात.
एस्तेरची ड्युटी आठला सुटते.
दस्तगीर म्हणतो, मटण मी आणतो, रस्सा पण मीच करतो,
परड्यात तीन दगड मांडून द्या फक्त.

म्हणजे पंगत साडेपाचला बसणार, साडेआठला उठणार.
आत अख्खा मसूर, बिनकांद्याचा. बाहेर रस्सा.
शाळूच्या भाकरी. गव्हाची खीर.
झालं, म्हटलं.

आणि तोंडीलावणं?
ते काय, होईल असंच.

असंच?
ती उशीवर हात रोवून अर्धी उठली.
उजवीकडचं पोट भरतं हो,
माणूस जेवतो डावीकडच्यावर.
लिहा. खरडा, पाट्यावरचा. कारळाची चटणी.
काकडीची कोशिंबीर, दही आयत्या वेळी.
लिंबाची फोड, बी काढून.
आणि सगळ्यात आधी, ताटाच्या डोक्याला,
मीठ.

मग दोघंही गप्प.
कागदाच्या पुढच्या बाजूला, लाल पेनानं,
डॉक्टरांनी दोनदा अधोरेखित केलेलं:
मीठ बंद.

एकोणीस दिवस तिनं सपक पेज प्याली.
त्याआधी अडतीस वर्षं मी तिच्या हातचं मीठ खाल्लं.
कधी कमी पडलं तर ताट सरकवलं,
पुरेसं होतं तेव्हा काही बोललो नाही.

गाडीत जागा नसली तर माणूस आम्ही उभ्यानं नेतो,
पण खाली ठेवत नाही.
लिहिलं: मसूर अळणी. रस्सा अळणी.
मीठ फक्त डावीकडं, ज्याचं त्यानं लावून घ्यावं.
एकाच पातेल्यातलं सगळ्यांना, तुलाही.

अळणी मटण? बिराप्पा पळून जाईल.
त्याला खरडा दुप्पट वाढू.

एक पान मात्र राहिलं.
बी निगेटिव्ह, पिशव्या दोन.
पिशवीवर नंबर असतो, नाव नसतं.
असेल इथंच कुठंतरी,
सतारमेकर गल्लीत भोपळ्याला पॉलिश करत,
नाहीतर कुपवाडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला.
त्याला काय चालतं, काय चालत नाही,
कळायला वाट नाही.

चार भाकरी धरा त्याच्या, मालन म्हणाली.
बाई असली तर?
बायका काय कमी खातात?

चार धरल्या. तळाला बेरीज मारली,
भाकरी एकूण छत्तीस.
थापणार कोण, हे कागदावर
पुढं नव्हतं, मागंही नव्हतं.

ती हसली.
टाक्यांवर तळवा दाबून, हळूहळू,
आवाज न करता हसली.
मग म्हणाली, फळीवरची परात काढा.
रविवारला अजून चार दिवस आहेत.